तोंडापुरतं भोक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पलंग आहे, असं मी सांगतो खरा; पण ते मलाही कधी नीटसं पटलेलं नाही.

माझं लाकूड आलापल्लीच्या जंगलातलं. चामोर्शीच्या लटारूभाऊ सुतारानं मला घडवलं. गावातल्याच एका सुनेनं, पुनमनं, त्याला कागदावर माप काढून दिलं होतं. झोपायला अरुंद, बसायला उंच, आणि डोक्याकडे एक गोल भोक. लटारूभाऊनं भोक पाडलं, दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं, आणि पोरीचं काहीतरी चुकलं असं समजून गोल तुकडा ठोकून ते बुजवून टाकलं.

"भाऊ, हे काय केलं?" पुनम ओरडलीच.

"चांगल्या लाकडाले भोक शोभत नाई, पोरी. फुकट बुजवून देलं."

"अवो, तोंड ठेवाले होतं ते!"

"तोंड? मंग माणूस पाहीन काय?"

"जमीन!"

त्यानं तुकडा काढला, पण मान हलवतच. मीही गोंधळलो.

पुनम नागपुरात मालिश शिकून आली होती. तिच्या सासूबाई, बायनाबाई, गल्लीतल्या साऱ्या बाळंतिणींना जमिनीवर बसून मोहाच्या बियांच्या तेलानं चोळायच्या. शिकून करायचं हे काम असतं, हेच त्यांना पटेना. त्यांनी सांगून टाकलं, "पोळ्यापर्यंत पाहू. लोक नाई आले, त पलंग इकू आन् तू दुकानात नोकरी धर."

पहिला महिना माझ्यावर तांदळाची पोती होती. मग रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करून कंबर धरलेल्या बाया येऊ लागल्या. भोकात तोंड घालून त्या जमिनीशी बोलायच्या. घरात कुणाला न सांगितलेलंही बोलायच्या. मला वाटलं, मी बोलण्यासाठीच असेन.

पोळ्याला दहा दिवस उरले असताना बायनाबाईच शेजारच्या संघप्रियाला धरून घेऊन आल्या. बारा दिवसांची बाळंतीण. डावी पोटरी सुजलेली. वाटीत तेल तयार होतं. पुनमनं दोन्ही पोटऱ्यांवर हलकेच हात ठेवला. एक गार, एक गरम.

"कधीपासून दुखते?"

"परवापासून. ह्याच पायात."

पुनमनं हात काढून घेतला आणि सासूबाईंकडे वळली. "बाई, हा पाय चोळाचा नाई."

"काऊन? इतके वर्स मी काय गवत उपटून राह्यली?"

"आत रक्ताची गाठ असन त चोळल्यानं सुटून छातीत जाते. मी हिले दवाखान्यात नेतो."

"मालिशवालीच म्हणते मालिश नाई करत! मंग हा पलंग कायले?"

तेच मलाही विचारायचं होतं.

पुनम संघप्रियाला ऑटोत घालून घेऊन गेली. बायनाबाई तेलाची वाटी तशीच धरून दारात उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून कुणी फिरकेना. पुनमला मालिश येतच नाही, असं गल्ली म्हणू लागली. पोती पुन्हा माझ्यावर आली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संघप्रिया बाळाला घेऊन घरी परतली. गाठच निघाली होती. चोळलं असतं तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं होतं.

हे ऐकून बायनाबाई तडक माझ्यापाशी आल्या. त्यांनी एकटीनं पोती उतरवली, माझ्यावर चढल्या आणि भोकात तोंड घातलं.

"बाई?" पुनम दचकली.

"मायी कंबर पाह्य. पण आधी इचार, मंग हात लाव." मग जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "किती जणींचे पाय चोळले वं मी... इचारलंच नाई कोणाले."

खाली थेंब पडला. तेलाचा होता की आणखी कशाचा, मला कळलं नाही.

पलंग विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. आता पुनमकडे घडीचा नवा टेबल आहे, आणि मी मागच्या खोलीत. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली पहिले आठ दिवस माझ्यापाशी फक्त विचारायला शिकतात: कुठे, कधीपासून, एकाच बाजूला का? परवा लटारूभाऊ मान आखडली म्हणून आला आणि माझ्याच भोकात तोंड घालून पडला. पुनमनं विचारलं,

"काय दिसते, भाऊ?"

"जमीन." मग मान मोकळी झाल्यावर, "बरी दिसते."

मित्रांनो, माझ्यावर पाणी सांडलं तर पुसून घ्या, पाय हलले तर खिळा ठोका, पण पोती ठेवू नका. आणि कुणाच्या दुखऱ्या जागी हात ठेवण्याआधी एकदा विचारा. मी पलंग की बाक, ते मला अजून कळलेलं नाही. तेवढं भोक मात्र कुणी बुजवू नका.