डोक्यावर नव्हे, कपाळापुढे

मित्रांनो, मी टेनिसची एक जुनी रॅकेट आहे आणि आरंभीच कबूल करते, मी मत्सरी आहे. एका कारागिराने माझ्या तारा एकेक करून ताणल्या. पुढे लेथवर काम करणाऱ्या एका गृहस्थाने मला आपल्या लेकीसाठी घरी आणले. तिला सारे भिंगरी म्हणत. चार वर्षे मी तिच्या मुठीत राहिले. लोक म्हणत, "पोरीचा हात बघा." हात म्हणजे मीच, असे मी समजत असे.

मग तिची सर्व्हिस बिघडली. चेंडू जाळीवरून जाई आणि चौकोनाच्या रेषेपलीकडे हातभर लांब पडे. संघाची निवड दहा दिवसांवर आली होती.

"बाबा, ही रॅकेट म्हातारी झाली."

"म्हातारा मीही झालोय. मलाही बदलणार का?"

तरीही दुसऱ्या दिवशी नवी आलीच. काळी, सडपातळ, तिला स्वतंत्र पिशवी. मी खुंटीला. माझा नुसता जळफळाट झाला. पण नवीचे चेंडूही लांबच पडू लागले, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटे कशाला सांगू?

त्या संध्याकाळी बाबा खडू घेऊन मैदानावर आले. मलाही बरोबर आणले होते. "मारू नकोस. नुसता वर फेक आणि पडू दे."

चेंडू तिच्या टाचेमागे पडला. बाबांनी तिथे खूण केली. दहा वेळा फेकला; दहाही खुणा पाठीमागेच.

"असं कुणी शिकवलं?"

"आमच्या खेळाच्या मॅडमच म्हणतात, डोक्यावर फेक."

"अगं, डोक्यावर म्हणजे उंच. तू टाळूच्याही मागे नेतेस, मग मागे वाकतेस, रॅकेटचं तोंड आभाळाकडे होतं. चेंडू लांब जाणार नाही तर काय? तुला डोक्यावर चढवून ठेवलंय तेवढं पुरे. चेंडू कपाळापुढे ठेव."

त्यांनी मला तिच्या पुढच्या पावलापासून वीतभर पुढे, जमिनीवर आडवे ठेवले. "चेंडू हिच्या तारांवर पडला पाहिजे."

नवी हवेत आणि मी धुळीत! तीन दिवस चेंडू माझ्या चौकटीवर आदळले, कधी दांड्यावर. चौथ्या दिवशी एक नेमका तारांच्या मध्यावर पडला. मग दुसरा, तिसरा. त्यानंतर बाबांनी मला उचलून बाजूला ठेवले, भिंगरीने तसाच फेकून नवीने मारला, आणि चेंडू चौकोनात पडला.

निवडीच्या दिवशी दहांपैकी आठ आत. मॅडम म्हणाल्या, "नवी रॅकेट चांगलीच लाभली हं तुला." मी बाकावर होते. काय वाटले ते सांगत नाही.

"लाभली मॅडम, पण फेकायचं कुठे ते या जुनीने दाखवलं," भिंगरी म्हणाली. तिचे नाव संघात लागले.

घरी येऊन तिने आधी नवीची मूठ पुसली, मग माझ्या तारांतली धूळ. हा क्रम मी विसरलेले नाही.

मित्रांनो, हत्याराला नावे ठेवण्यापूर्वी हातात खडू घ्या आणि आपली चूक कुठे पडते ते पाहा. जुन्या वस्तूलाही पुसत जा. आणि जमले तर, आधी पुसा.