रावसाहेबांची गोळी

गोळीच्या पाकिटाचा तो चंदेरी तुकडा, नखाएवढा, घरून आणलेल्या चादरीच्या घडीतून टेबलावर पडला आणि सुई टोचायला पुढे केलेला तिचा हात तिथेच थांबला.

रावसाहेब, म्हणजे बाबांचा म्हातारा कुत्रा, आडवा पडून तिच्याकडे निर्धास्त बघत होता... घरचंच माणूस आहे, आता कसली काळजी. त्याच्या पोटात, प्लीहेवर आलेली गाठ कधी फुटेल याचा नेम नव्हता. कापणार होते मोठे डॉक्टर, भूल द्यायची होती तिनं. आणि भुलीला पोट रिकामं लागतं. नाहीतर आतलं वर येतं, श्वासनळीत उतरतं, मग हातात काही राहत नाही. काल फोनवर तिनं बजावलं होतं, बाबा, रात्रीनंतर त्याला खायला काही देऊ नका. एवढं कळतं गं मला, ते म्हणाले होते — पण ही गोळी? सांधेदुखीची, रोज सकाळची...

"काय झालं?" मोठ्या डॉक्टरांनी हात धुता धुता विचारलं.

"आलेच," म्हणत ती बाहेर गेली.

बाबा बाकावर बसले होते, पट्टा मांडीवर घेऊन.

"बाबा, सकाळी गोळी दिलीत त्याला?"

"दिली की. ती कधी चुकवतो मी?"

"कशातून?"

"पावातून. लोणी लावून. नुसती घेतोय कुठला तो."

तिडीक मस्तकात गेली. शिकलेसवरलेले तुम्ही, आणि पाव म्हणजे खाणं नाही? — पण ओठांवर आलेलं तिनं गिळलं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी खोदून विचारते, औषधं कोणती, कधी दिली, कशातून दिली. परवा एका मांजरवाल्याला तर रडकुंडीला आणलं मी. आणि बाबांना? त्यांना काय विचारायचं, ते तर आपलेच... दिव्याखाली अंधार तो असा.

आत येऊन तिनं सांगितलं, "पोटात पाव आहे. दुपारपर्यंत थांबू या."

"गाठ थांबेल का पण?"

"माहीत नाही. आत्ता भूल नाही देणार मी."

"बरं," म्हणत डॉक्टरांनी नळ बंद केला. तिनं रावसाहेबांचा ओठ वर करून हिरडी बघितली, गुलाबी होती, म्हणजे गाठ फुटून आत रक्त गेलं नव्हतं. अजून तरी. मदतनीस बाईंना त्याच्याजवळ बसवून ती बाकावर परतली.

"माझ्यामुळे लांबलं ना गं?" बाबांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"माझ्यामुळे. मी विचारलंच नाही." मग परक्यांना विचारते तसं, नीट त्यांच्याकडे वळून तिनं विचारलं, "आणखी कुठली गोळी असते त्याला?"

"एवढीच. दोघं एकदमच घेतो आम्ही. एका पावाचे दोन तुकडे, त्याची त्याला, माझी मला."

"तुमची? तुमची कसली गोळी?"

बाबा पट्टा बोटाभोवती गुंडाळू लागले. "असंच काहीतरी. त्याला तहान लागली असेल गं."

तो चंदेरी तुकडा अजून तिच्या मुठीत होता. त्यावर छापलेलं औषधाचं अर्धवट नाव तिला लागेना. हा कुणाच्या गोळीचा, हे ती आता विचारणार होती... आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला बाबांच्या उत्तराची भीती वाटली.