गोंदणडोहावरची जड माशी

मार्गशीर्षातली सकाळ गोंदणडोहावर पदरापदरानं उतरते. आधी धुक्याचा धूसर पदर, मग कोवळ्या उन्हाचा केशरी पदर, आणि त्या दोन्हींच्या काठाकाठानं झिरपणारी पाण्याची नीलश्याम, निश्चल कांती. सह्याद्रीच्या कुशीतून खडकांवर आदळत, फेसाळत, बडबडत आलेली नदी या डोहापाशी येते आणि एकाएकी गप्प होते. गप्प होते आणि खोल होते. त्या खोलीत, शेवाळमंडित शिळांच्या सावलीत, सुवर्णखवल्यांचे महाशीर मासे हिवाळाभर तळ धरून राहतात. पृष्ठभागावरच्या कुठल्याही मोहाला ते वर येत नाहीत.

ते वर येत नाहीत, म्हणून त्यांच्यापर्यंत खाली जावं लागतं. त्यासाठी जड माशी.

ही माशी म्हणजे पिसांचा भास. कोंबड्याच्या मानेवरचं तांबूस पीस, रेशमाचा काळा दोरा, आणि त्यांच्या आड लपलेला पोलादी गळ. हलकी माशी दोराच्या लाटेवर बसून निमूट जाते, नेऊ तिथं जाते. पण गळावर शिशाची तार गुंडाळून, पितळेचे दोन टपोरे डोळे लावून बांधलेल्या माशीला स्वतःचं वजन असतं, आणि वजनाबरोबर आलेला हट्टही. नवख्या हाताला ती जुमानत नाही.

त्या सकाळी ऋजुता तिला जुमानायला शिकवत होती.

गुडघाभर पाण्यात उभी, ओढणी कमरेला खोचलेली, हातात नऊ फुटांची लवलवती काठी. काठावर वेताच्या खुर्चीत आबा सरनोबत बसले होते, तिचे सासरे. वनखात्यात रेंजर म्हणून उभी हयात रानात काढलेला, शहात्तर वर्षांचा, सागासारखा ताठ माणूस. गेल्या चैत्रात अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात विझला. तो आता मांडीवर, शालीखाली, कुणा दुसऱ्याचा असावा तसा पडून असे.

आणि त्यांच्या मागे, गोंदणीच्या सावलीत, माश्यांची लाकडी पेटी मांडीवर घेऊन बसलेली सुलक्षणा. आबांची लेक. सेहेचाळीस वर्षांची, गावच्या शाळेत गणित शिकवणारी, अविवाहित.

"घाई नको, बाळ," आबा म्हणत होते. "हिला डोक्यावरून मागं न्यायची नाही. बाजूनं ने, अंगापासून लांब. मागं जाऊ दे, पूर्ण जाऊ दे. तिचं वजन हाताला कळू दे, आणि मगच वरून पुढं."

बाळ. किती साधा शब्द. आणि तरी तो शब्द हवेतून आला तो सुलक्षणेच्या काळजात खोल रुतला.

पस्तीस वर्षं ती ही पेटी मांडीवर घेऊन बसली होती. अकरा वर्षांची होती तेव्हा याच काठावर तिनं विचारलं होतं, "आबा, मी टाकू?" आबांनी पाण्यावरची नजरही न काढता म्हटलं होतं, "पोरींचं काम नव्हे हे. शिशाचा गळ डोळ्यात जाईल." एवढंच. मग धाकटा भाऊ धैर्यशील मोठा झाला, त्याच्या हातात काठी आली. त्याला तिचा कंटाळा आला, तो सैन्यात गेला. काठी पुन्हा आबांकडे. पेटी मात्र सुलक्षणेकडेच.

पुढे आई गेली. आबांचं घर तिनं सांभाळलं. अर्धांगानंतर त्यांना घास भरवले, त्या विझल्या हाताला सकाळ-संध्याकाळ तेल चोळलं, ओठांच्या कोपऱ्यातून ओघळणारा चहा पदरानं टिपला. आणि धैर्यशीलची बायको, दोन वर्षांपूर्वी घरात आलेली, अजून तिशीही न ओलांडलेली ऋजुता, एका संध्याकाळी सहज म्हणाली, "आबा, मला शिकवा ना." आणि आबा हसले. कित्येक महिन्यांनंतर हसले. डाव्या हातानं त्यांनी तिचं मनगट धरलं.

मत्सर पेटत नाही. पेटला असता तर विझलाही असता. तो मुरतो, बंद बरणीतल्या मिठासारखा, थेंबाथेंबानं पाणी सोडत, कणाकणानं आत जात. सुलक्षणेच्या डोळ्यांसमोर ऋजुतेची गोरी मनगटं होती, मनगटांवरची हिरवी बांगडी होती, त्या बांगडीवर नाचणारं ऊन होतं. ते ऊनसुद्धा तिला आपलं हिरावलेलं वाटत होतं.

काठी मागे गेली, बाजूनं. दोर पिवळ्या वेलीसारखा हवेत उलगडला. क्षणभर सगळं थांबलं. पाणी, धुकं, तिघांचे श्वास. मग काठी वरून पुढे आली, आणि जड माशी एक रुंद, शांत कमान रेखत डोहाच्या मध्यावर टपकन पडली.

"अश्शी!" आबांचा डावा हात मांडीवर आपटला. "अश्शी गं माझी वाघीण!"

सुलक्षणेनं पेटीचं झाकण लावलं. जरा जोरातच लावलं.

दुपारी आबांच्या बंगलीत निजानीज झाली. पडवीवर उन्हाचे चौकोन पडले होते, परसात एक कवडा एकसुरी घुमत होता. सुलक्षणा पेटी उघडून बसली. शिशाच्या माश्या एका ओळीत निजल्या होत्या, तांबूस, काळसर, पितळडोळी. त्यांतली सर्वांत देखणी माशी आबांनी ऋजुतेसाठी बाजूला ठेवली होती. झटका येण्याआधी त्यांनी बांधलेली शेवटची माशी. उजव्या हाताची शेवटची करणी.

तिनं ती उचलली. पक्कड उचलली. स्वतःच्या हातांकडे ती दुरून पाहत होती; जणू शाळेतल्या एखाद्या मुलीचे हात, वर्गात नको ते करताना पकडलेले. गळाच्या टोकावर पकडीचे दात मिटले. खट्. चिमणीनं दाणा फोडावा एवढाच आवाज. टोक तुटून फरशीवर पडलं आणि दिसेनासं झालं. पिसांच्या आड काहीच कळत नव्हतं. माशी होती तशीच सुंदर होती. फक्त आता ती कुणालाही धरू शकणार नव्हती.

संध्याकाळी आभाळ जास्वंदी झालं. डोहावर तांबडं, जांभळं, राखाडी असे रंग एकमेकांत विरघळत होते. ऋजुतेनं तीच माशी बांधली, काठी बाजूनं मागे नेली, थांबली, वरून पुढे आणली. सकाळपेक्षाही संथ, सकाळपेक्षाही सुरेख. माशी पडली, बुडाली, तळाकडे निघाली. ऋजुता डाव्या हातानं दोर वीतवीत ओढत होती.

आणि डोह जागा झाला.

काठी धनुष्यासारखी वाकली. पाण्याच्या पोटात एक प्रचंड सोनेरी कूस वळली, एकदाच, आरशावरून दिवा फिरावा तशी. "महाशीर!" आबा ओरडले, आणि खुर्चीतून उठले. कुणाचाही आधार न घेता, आठ महिन्यांत पहिल्यांदा, ते आपल्या पायांवर उठले. त्यांचा विझलेला हात शालीबाहेर आला, हवेत न दिसणारी काठी धरून उभा राहिला. "सोड, सोड दोर! पळू दे त्याला! पळू दे!"

सुलक्षणा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्या चेहऱ्यावर तीस वर्षांपूर्वीचा माणूस परत आला होता.

मग दोर ढिला पडला.

काठी सरळ झाली, मुकाट, निर्जीव. पाण्यावर एक वर्तुळ उमटलं, रुंदावलं, मिटलं. आबा हळूहळू खुर्चीत बसले. बसले की पडले, सांगता येत नव्हतं. ऋजुता डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "माझं काय चुकलं, आबा?"

"काही नाही, बाळ. दे ती माशी इकडं."

त्यांनी माशी डोळ्यांजवळ नेली. अंगठ्यानं पिसं बाजूला सारली. बराच वेळ पाहिली. मग सदऱ्याच्या खिशात टाकली.

रात्रीच्या जेवणाआधी सुलक्षणा त्यांच्या हाताला तेल चोळत होती. ऋजुता स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. तिथून थपथप आवाज येत होता.

"गळ खडकावर मोडला," आबा छताकडे पाहत म्हणाले, "की वाकतो आणि तिरका तुटतो. पकडीनं तोडला की सपाट."

तेलाचा हात थांबला.

"तिलाच शिकवलंत," सुलक्षणा म्हणाली. आवाज तिचा नव्हता, अकरा वर्षांच्या कुणा मुलीचा होता. "मी विचारलं होतं, आबा. मी आधी विचारलं होतं."

"विचारलं होतंस." आबांनी डोळे मिटले. "तेव्हा मला वाटायचं, तुला जपतोय. पुढं वाटायला लागलं, आता काय सांगायचं हिला. माझीच मला लाज वाटायची." त्यांनी मान स्वयंपाकघरातल्या थपथपीकडे वळवली. "मासा गेला त्याचं काही नाही, सुले. तो पोरीचा होता. तिला वाटतंय तिचं चुकलं."

आणि मग: "उद्या काठी तू धर."

हे देणं होतं की दंड, सुलक्षणेला कळलं नाही. आबांना तरी कळलं होतं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या सकाळी पाणी बर्फासारखं झोंबत होतं. सुलक्षणा साडी वर खोचून डोहात उभी राहिली. पस्तीस वर्षं पाहून पाहून सारं पाठ होतं तिला. बाजूनं मागे, वरून पुढे. गणितासारखं पाठ. पण पाठ झालेलं गणित आणि हातातलं वजन यांच्यात एक दरी असते. पहिल्यांदा माशी पाठीमागच्या करवंदीत अडकली. दुसऱ्यांदा काठीवर खणकन आदळली. तिसऱ्यांदा ऋजुता काठावरून पाहते आहे हे जाणवलं, आणि ते जाणवताच सुलक्षणेनं काठी सगळ्या रागानं, सगळ्या वर्षांनिशी पुढे झटकली.

शिसं हवेतून सणसणत आलं. कानाच्या पाळीत एक लखलखती कळ उठली.

"हलू नका, ताई, हलू नका!" ऋजुता पाण्यातून धावत आली. गळ पाळीत आरपार रुतला होता. आबांचे गळ बिनकाट्याचे, टोकामागचा उलटा काटा घासून काढलेले, माशाला सुखरूप सोडता यावं म्हणून. आत गेला तसा बाहेर काढता येणारे. फक्त हात स्थिर हवा. ऋजुतेनं एका हातानं पाळी धरली, दुसऱ्या हाताच्या चिमटीत गळ पकडला. तिचा श्वास सुलक्षणेच्या गालावर उबदार लागत होता.

इतक्या जवळ कुणी येऊन किती वर्षं झाली होती.

"कालच्या माशीचं टोक मी तोडलं," सुलक्षणा म्हणाली. "मुद्दाम. तुझं काही चुकलं नव्हतं."

चिमटी थांबली. गळ आत, बोटं गळावर, आणि दोघींच्या मध्ये नदीचा आवाज. जरासं पिळलं असतं तरी पाळी फाटली असती. ऋजुतेच्या बोटांना ते ठाऊक होतं, सुलक्षणेच्या कानाला ते ठाऊक होतं. एक क्षण. दुसरा क्षण. तिसरा.

मग अलगद, आल्या वाटेनं, गळ बाहेर आला.

ऋजुतेनं रुमालानं रक्त दाबलं, सुलक्षणेचाच हात उचलून त्या रुमालावर ठेवला, आणि पाठ फिरवली. पाण्यातून चालत ती लांबच्या खडकावर जाऊन बसली, पाठमोरी, गुडघ्यांना मिठी घालून. तिचे खांदे हलत होते. आबांनी हाक मारली नाही. सुलक्षणेनंही मारली नाही. काही हाका मारायच्या नसतात, वाट पाहायची असते.

ऊन कड्यावरून खाली आलं. खंड्याचं एक निळं पाखरू पाण्याला चाटून गेलं. रुमालावरचा तांबडा ठिपका सुकत सुकत तपकिरी झाला.

"तुम्ही थांबत नाही, ताई." आवाज खडकावरून आला, मान वळली नव्हती, आणि त्या आवाजात क्षमेचा लवलेशही नव्हता. "दोर मागं सरळ व्हायच्या आधीच ओढता. शिसं अजून मागं चाललेलं असतं आणि तुम्ही त्याला पुढं हिसकता. मग ते अंगावर येणारच."

सुलक्षणेनं काठी उचलली.

बाजूनं, अंगापासून लांब, मागे. हात पुढे यायला शिवशिवला, तिनं येऊ दिला नाही. अजून नाही. दोर उलगडत होता. अजून नाही. आणि मग, पाठीमागे, न दिसणाऱ्या हवेत, ते वजन आलं. स्पष्ट, सगुण, मुठीत धडधडणारं. कुणीतरी मागून हात धरावा तसं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मनगटांत पाहिलेलं ते वजन आज पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या हाताला आलं.

तिनं काठी वरून पुढे आणली.

कमान फारशी सुरेख नव्हती. ऋजुतेची होती तशी तर मुळीच नव्हती. हे सुलक्षणेला लगेच दिसलं, आणि लगेच बोचलं. पण माशी गेली. तिच्या डोक्यावरून, उन्हातून, दोन्ही पितळी डोळे लकाकत, डोहाच्या हिरव्या, मुक्या मध्यापर्यंत गेली आणि पडली.

काठावरून आबांचा हुंकार आला, "हां." खडकावरची मान अर्धी वळली, आणि तशीच अर्धी राहिली.

पाण्याखाली माशी बुडत होती. पोपटी उजेडातून, गर्द हिरव्या उजेडातून, निळ्या, अधिक निळ्या, जिथं निळाही उरत नाही अशा अंधारातून. हळू, सावकाश, आपल्याच वजनानं, खाली, आणखी खाली, तळाशी पहुडलेल्या त्या सोन्याकडे.