मरणबोली

बाबांनी सकाळी आमच्या जांभळी कबुतरीच्या शेपटीला वाऱ्यानं वाजणारी भोपळ्याची मोठी शिट्टी बांधली, तेव्हाच मी म्हटलं होतं, "बाबा, पिल्लांची आई आहे ती. एवढं ओझं कशाला?"

"आवाजाला ससाणा भितो. तू गप."

खरं कारण मला ठाऊक होतं, शेजारच्या हान वहिनींना ठाऊक होतं, गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक असणार. समोरच्या लुआनकाकांनी नव्या शिट्ट्या आणल्या होत्या. त्यांचा थवा आमच्या कौलांवरून गेला की आभाळ असं घुमायचं, की बाबांच्या हातातला चहा तसाच निवून जायचा. आमच्या नरांच्या शिट्ट्या त्यापुढे चिरक्या. एकटी जांभळीच अशी संथ आणि सरळ उडायची, की तिच्या शेपटीला भोपळा देवळातल्या घंटेसारखा घुमावा. पण तिचा नर नुकताच ससाण्यानं नेला होता. दोन पिल्लांना एकटी भरवून, एकटी ऊब देऊन ती कापसासारखी हलकी झाली होती.

"थोरांना सांगू नये शहाणपण," हान वहिनी कोळशाच्या वड्या रचता रचता म्हणाल्या. "पण सुओकाका, उद्या एखाद्या बाळंतिणीच्या पाठीला नगारा बांधाल!"

बाबांनी ऐकलं नाही. थवा सोडला.

बीजिंगच्या नगारखान्यामागची आमची गल्ली एवढी अरुंद, की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं कुणाच्या तरी दारात शिरावं. आमचं दार आणि लुआनांचं दार तोंडाला तोंड. त्यांच्याकडे कांदा चिरला की पाणी आमच्या डोळ्यांत. आणि तरी त्या दोन म्हाताऱ्यांमध्ये कित्येक वर्षं एक शब्द नव्हता.

आधी दोघांत जीवबोली होती. तुझं पाखरू चुकून माझ्या ढाबळीत शिरलं तर मी जिवंत परत करीन, माझं शिरलं तर तू. मग लुआनकाकांचा एक काळा नर आमच्याकडे उतरला. बाबांनी तो परत केला, पण जरा सावकाश. चहाच्या दुकानात लुआनकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "बीज घेऊन झाल्यावर दिलंस होय?" बाबांनी पेला आपटला. "असं असेल तर आजपासून मरणबोली." "मरणबोली तर मरणबोली," लुआनकाका म्हणाले. तिसऱ्याच्या कानावर पडलेली बोली मागे घेता येत नाही. तेव्हापासून पलीकडच्या ढाबळीत जे शिरलं, ते मेलं. मागायचं नाही, मागणाऱ्याची गल्लीत छीथू. परत द्यायचंही नाही. देणं म्हणजे कीव, आणि कीव शिवीहून वाईट. बाबांनी त्यांची पाखरं पाखरबाजारात विकली, त्यांनी आमची. पहिल्या रागात एकाची तर मान मुरगळून दारासमोर टाकली होती त्यांनी.

आणि जांभळी म्हणजे नुसतं पाखरू नव्हतं. कबुतरं पाळायला बंदी होती त्या वर्षांत बाबांनी कोळशाच्या खोक्यात एक जोडी लपवून जगवली होती. त्या वंशाची ही शेवटची मादी. ती आणि घरट्यातली ती दोन पिल्लं.

दुपार कलता कलता ससाणा आला. थवा फुटला, शिट्ट्यांचा सूर विस्कटला. आमची बाकीची पाखरं दगडासारखी खाली येऊन ढाबळीत घुसली. जांभळी तेवढी मागे राहिली. शेपटीचं ओझं तिला वाऱ्यात मागे ओढत होतं. एक फेरी, दुसरी फेरी, आवाज हळूहळू खाली खाली येत गेला, आणि एकदम थांबला.

ती लुआनांच्या आढ्यावर बसली होती.

बाबा स्वयंपाकाच्या खोपटाच्या सपाट छपरावर चढले. मी शिडी धरली. समोर लुआनकाकाही त्यांच्या छपरावर आले, हातात मक्याच्या दाण्यांची वाटी. ढाबळीचं दार त्यांनी उघडून ठेवलं, चार माणसाळलेली पाखरं कौलांवर सोडली. त्यात वावगं काही नव्हतं. पाखरू कौलावर असेपर्यंत बोलवायचा हक्क दोघांचाही. आत शिरलं की संपलं.

बाबांनी ज्वारीचा डबा खुळखुळवला आणि आईच्या माहेरची जुनी ओळ गुणगुणली, तीच, ज्या ओळीवर मी लहानपणी झोपायची:

"ये गं ये, पाखरा बाई, सांज भरून आली,
डब्यामधल्या ज्वारीनं तुझी वाट पाहिली."

जांभळीनं मान वळवली. पंख उघडून पाहिले आणि मिटले.

"अगं ए," लुआनकाका बायकोला म्हणाले, अशा आवाजात की गल्लीच्या टोकाला ऐकू जावं, "त्या गवयाला सांग, पाखराला गाणं नको असतं. पाणी हवं असतं."

"फांग," बाबा माझ्याशी बोलले, नजर आढ्यावर, "त्या दाणेवाल्याला सांग, पाहुणीला पाणी पाजतात, पळवत नाहीत."

"पळवण्याच्या गोष्टी कुणी कराव्या! तिच्या अंगात अर्धं रक्त आमच्याच काळ्याचं आहे म्हणावं."

लुआनकाकू खाली दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मी काय टेलिफोन आहे का? दोघांची तोंडं शाबूत आहेत, चार हातांवर उभे आहात. बोला की!"

लुआनकाकांनी वाटी हलवली, बाबांनी डबा. गल्लीत एव्हाना माणसं जमली होती. भिंतीलगत रचलेल्या कोबीच्या गड्ड्यांवर कुणी टेकलं, कुणी दारातच जेवणाचा वाडगा घेऊन उभं राहिलं. उत्तरेचा वारा मानेत शिरत होता. जांभळी आढ्यावरून एक कौल खाली उतरली. लुआनकाकांच्या बाजूला.

"फांग," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज कोरडा झाला होता, "पिल्लं आण."

"बाबा, पिसं नाहीत त्यांच्या अंगावर. या वाऱ्यात..."

"आण म्हटलं ना."

ढाबळीत हात घातला तेव्हा पिल्लं माझ्या तळव्यात उकडलेल्या बटाट्यासारखी ऊन होती. शिडी चढेपर्यंत निवायला लागली. बाबांनी ती उंच धरली. वारा लागताच दोघांनी चोची वासल्या आणि ओरडायला लागली, बारीक, सुईसारखं.

जांभळी ताठ झाली. तिच्या गळ्याची पिशवी हलताना मला इथूनही दिसली. ती वळली, आढ्यावर परत चढली, आमच्याकडे तोंड करून पंख फडफडवायला लागली.

"येते, येते!" हान वहिनी खालून म्हणाल्या. "आई आहे हो ती!"

लुआनकाकांनी वाटी खाली ठेवली. ते पिल्लांकडे बघत होते. मग त्यांची नजर आमच्या डोक्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली.

आमच्या मागच्या हमामखान्याच्या धुराड्यावर ससाणा बसला होता.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनाही दिसला होता. गल्लीची रुंदी ती काय, दोन झेपा. पण शेपटीला भोपळा असलेल्या थकल्या पाखराला तेवढं उघडं आभाळही पुरून उरलं असतं. पिल्लं ओरडत होती. ओरडली की ती झेपावणार. झेपावली की ससाणा उतरणार.

पिल्लं गप्प केली तर जांभळी तिकडे शिरणार, हे काय त्यांना सांगायला हवं होतं? एवढी वर्षं खोक्यात, उशाखाली, बाहीत लपवलेला वंश. ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले.

मग त्यांनी कोटाची बटणं काढली आणि पिल्लं छातीशी घालून कोट वरून मिटला. सुईसारखा आवाज थांबला. ज्वारीचा डबा त्यांनी पायानंच मागे सारला.

"लुआन," ते म्हणाले.

सगळ्या गल्लीनं ऐकलं. लुआनकाकू दाराची चौकट धरून राहिल्या.

"लुआन, आत घे तिला. लवकर. आणि शेपटीवरचं ते ओझं आधी सोड. मी मूर्खासारखं बांधलंय."

लुआनकाकांनी वाटी पुन्हा उचलली. त्यांनी मक्याचे दाणे ढाबळीच्या दारापासून कौलांपर्यंत एका ओळीत टाकले, आणि पाखरांना बोलवायचा तो घशातला घुमणारा आवाज काढला, हलका, मऊ. जांभळी क्षणभर आमच्याकडे बघत राहिली. पिल्लांचा आवाज नव्हता. एक कौल उतरली. मग दुसरं. चार माणसाळलेल्या पाखरांच्या मागोमाग ती आत गेली आणि दार लागलं.

ससाणा थोडा वेळ बसला आणि उडून गेला. माणसं पांगली. हान वहिनी नाक पुसत म्हणाल्या, "मरणबोली म्हणे. जळो ती बोली."

बाबा घरात आले तर चुलीजवळ बसले नाहीत. कोटातून पिल्लं काढली, एकाची चोच उघडून भिजवलेल्या बाजरीचा लगदा भरवायला बघितला. पिल्लानं चोच मिटून घेतली. कबुतराच्या पिल्लांना जगवतं ते आईच्या गळ्यात पाझरणारं दूध; त्यावाचून ती सकाळ बघणार नव्हती. बाबांनी खुंटीवरची केसाळ टोपी काढली, पिल्लं तिच्यात ठेवली आणि उघड्या डोक्यानं बाहेर पडले.

"बाबा, मागायला जाऊ नका," मी मागून म्हटलं. "लोक तोंडात शेण घालतील."

"कोण मागतंय?"

त्यांनी लुआनांच्या दारावर पायानं थाप मारली. हात गुंतलेले होते. लुआनकाकांनी एकच फळी उघडली.

"मागायला आलो नाही," बाबा म्हणाले.

"मग?"

बाबांनी टोपी पुढे केली. "यांची आई तुझ्याकडे आहे. आता हीही तुझीच."

लुआनकाका टोपीत बघत राहिले. दाराच्या फटीतून त्यांच्या घरातला कोळशाचा ऊन वास गल्लीत येत होता.

"ती काही खात नाहीये," ते शेवटी म्हणाले. "दाराकडे तोंड करून बसलीय. भोपळा सोडलाय मी." मग थोडं थांबून, "हा वंश माझ्या ढाबळीत वाढेल. माझ्या नावानं. परत मागू नकोस."

"नाही मागणार."

"गल्लीत कोण काय म्हणेल..."

"लुआन, पिल्लं गार पडतायत."

दुसरी फळी उघडली. आतून लुआनकाकूंनी दिवा लावला. बाबा उंबऱ्यापाशी अडले. उंबरा गुडघ्याएवढा, आणि दोन्ही हात टोपीखाली. लुआनकाकांनी वाकून त्यांचा दंड धरला.

"पाय उचल," ते म्हणाले. "जपून."