हिरवा नीलम

…आणि त्या इवल्याशा हिरव्याच्या आत कुठंतरी एक रेघ होती, केसाएवढी, म्हणजे खरं तर भेगच, पण भिंग जरा तिरकं धरलं की भेग नाहीशी होऊन तिच्या जागी पान दिसायचं, ओलं, आत्ता कुणी धुऊन ठेवल्यासारखं. पुन्हा सरळ धरलं की भेग. झारुहीनं डोळा भिंगाला आणखी चिकटवला. पापणी काचेला घासली. मसुराच्या दाण्याएवढा पाचू, आणि त्याच्या पोटात एवढं सगळं चाललेलं…

“श्वास घे गं, झारो,” तोरोस म्हणाला. “दगड पळून जात नाही.”

तिनं मान वर केली. काउंटरपलीकडे तोरोस, पोट खणाला टेकलेलं, चेहऱ्यावर शाळेतलंच हसू – तो वर्गात तिच्या मागच्या बाकावर बसायचा आणि तिची वेणी बाकाला बांधून ठेवायचा; आता बुर्ज हम्मूदमधल्या अर्ध्या वस्तीच्या बोटांतल्या अंगठ्या त्याच्या हातच्या होत्या. शेजारच्या स्टुलावर हर्मिने, तिची धाकटी बहीण, मांडीवर पर्स घट्ट धरून. ‘मी नुसती बघायला येते’ म्हणून आलेली आणि आल्यापासून क्षणभर गप्प न बसलेली.

काळ्या मखमलीवर मधोमध हिरा होता. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, मिहरानच्या आईच्या कानातला. जोडीतला दुसरा त्याच्या बहिणीकडे गेला होता. हा जुन्या घडणीचा, किंचित पिवळट, नीट गोलही नाही, म्हातारीच्या कानात आयुष्यभर राहून जणू ऐकून ऐकून शहाणा झालेला. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रंगीत खडा बसायचा होता, म्हणजे अंगठी पुरी. “रंग तूच निवड,” मिहराननं फोनवर सांगितलं होतं, “मी लाल म्हटलं तर मला सफरचंदच दिसतं.” आणि स्वतःच हसला होता, तो हसायचा तसा, आधी थोडा खोकून.

रंग तूच निवड. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात असं तिला कुणी म्हटलं होतं? कवळ्या करताना दातांचा रंग ती रोज निवडायची, ते खरं – दंतवैद्यांकडून ठसे यायचे, सोबत एका चिठ्ठीवर रंगाचा आकडा, आणि ती तो आकडा खुशाल बाजूला ठेवून खिडकीशी जाऊन आपल्याला हवा तो पांढरा निवडायची, कारण सत्तरीच्या माणसाला विशीतले दात लावले तर तो माणूस न दिसता दातच दिसतात. पण ते दुसऱ्यांसाठी. स्वतःसाठी तिनं पडदेसुद्धा निवडले नव्हते. आईनं निवडलेले होते, आई गेल्यावरही तेच होते.

तोरोस एकेक खडा चिमट्यानं उचलून मखमलीवरून बाजूला करत होता. फिरोजा – “सुंदर आहे, पण साबण पितो. तुझ्या हातावर वर्षभरात गढूळ होईल.” ओपल – “याला ऊन चालत नाही, थंडी चालत नाही, धक्का चालत नाही. आमच्या सासूबाईंसारखा.” मोत्याकडे त्यानं बघितलंही नाही. मग चिमटा पाचूपाशी येऊन थांबला.

“आता हा. रंगाला तोड नाही. पण आतून भेगाळलेला असतो, जन्मतःच. नळावर आपटला, टेबलाच्या कडेला लागला, की टवका गेलाच. म्हणून आधी सांग, रोज घालणार की सणासुदीला? हातांना काम काय पडणार आहे, त्यावर सगळं.”

“कसलं काम?” हर्मिने म्हणाली. “लग्न झाल्यावर ती आंजारला जाणार. त्यांचा सफरचंदांचा एवढा मळा आहे, डोंगरापलीकडची हवा आहे. हे दातांचं दुकान बंद. अंगणात बसायचं, कॉफी प्यायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवायचा. पाचूच दे तिला, तोरोस. जन्मभर प्लास्टरच कालवलंय बिचारीनं.”

बिचारी. झारुहीनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आपण असं कधी म्हटलं होतं का? मिहरान म्हणाला होता का? कुणीच म्हणालं नव्हतं. घरात एखादी खुर्ची कुणी न ठेवता एका जागी जाऊन बसते आणि मग सगळे तिला वळसा घालून चालू लागतात, तसं हे ठरलं होतं. मिहराननं मळ्यातल्या घराला रंग काढला होता. हर्मिनेच्या नवऱ्यानं दुकानाच्या जागेला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. आणि मी? मी मान हलवत होते. मान हलवायची सवय असते माणसाला.

पण पाचू हवा होता. हे मात्र अगदी खरं, लाज वाटण्याइतकं खरं. लहानपणी आई कापड आणायची तेव्हा हर्मिनेला रेशमाचा तुकडा यायचा आणि हिला जाड, न विरणारं, कुठल्याही मळाला दाद न देणारं काहीतरी. “झारुही टिकाऊ आहे,” आई शेजारणींना सांगायची, कौतुकानंच, “हिची मला काळजी नाही.” आणि खरंच कुणी केली नाही. बहिणीचं लग्न झालं, वडील गेले, युद्ध आलं आणि गेलं, आई अंथरुणाला खिळली, आणि टिकाऊ मुलगी टिकत राहिली. मग आता, एकदाच, टवका जाणारं काहीतरी आपल्या हातात असावं, लोकांनी म्हणावं, सांभाळ हं, जपून – एवढंसं मागणं काही फार नव्हतं.

“दुसरं हिरवं काय आहे?” तिनं विचारलं. आपणच विचारलं याचं तिला नवल वाटलं.

तोरोसनं खणातून कागदाची एक घडी काढली, उलगडली. दोन खडे. “नीलम.”

“हे हिरवे आहेत,” हर्मिने म्हणाली.

“नीलमच. हिरवा नीलम. सगळे भाऊ निळे, हा असा निघाला. हिऱ्याच्या खालोखाल कठीण. यावर तू कपडे धू, भांडी घास.”

झारुहीनं वाकून बघितलं. बल्बच्या उजेडात ते दोन्ही खडे मठ्ठ दिसत होते, करडट, कुठल्याशा विचारात पडलेले. पाचूशेजारी तर फारच गरीब.

“शी! खारवलेल्या द्राक्षाच्या पानाचा रंग,” हर्मिने म्हणाली. “यात भात भरून गुंडाळायचं का? नको गं बाई. टिकाऊ, टिकाऊ… ही का चप्पल आहे?”

तोरोस मोठ्यांदा हसला आणि झारुहीलाही हसू आलं. आणि हसता हसता तिला आपली दुकानाची खोली दिसली – का दिसावी? – रोटीवाल्याच्या वरची, सकाळी खालून भाजलेल्या पिठाचा वास यायचा आणि वर मेणाचा, ते दोन्ही मिसळून जो वास व्हायचा त्याला जगात नाव नव्हतं. शेल्फावर ओळीनं प्लास्टरचे जबडे, अनोळखी माणसांचे, आणि तरी ओळखीचे. तिची छोटी कोरणी, पाणी उडवणारं घासायचं यंत्र. कवळी सगळेच करतात. झारुहीची कवळी ओळखू यायची नाही, कारण ती पुढचा एक दात जाणूनबुजून किंचित वाकडा बसवायची, एखाद्याची कड जरा झिजवायची, जशी माणसाची झिजते. शेवटचा हात फिरवताना कधी कधी एक क्षण यायचा, की प्लास्टरमधला तो जबडा आता काहीतरी बोलणार… त्या क्षणासाठी ती सकाळी लवकर उठायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. काय सांगणार? जन्मभर प्लास्टर कालवणाऱ्या बिचारीला त्यात इतकी मजा येत होती, हे कुणाला खरं वाटलं असतं?

एकाला वाटलं होतं. एके दिवशी तिच्या दुकानाच्या दारात सफरचंदांची पेटी घेऊन उंच, उन्हानं रापलेला एक विधुर उभा होता आणि म्हणत होता, “माझ्या आईची कवळी तुम्हीच केलीत ना? दंतवैद्य नाव सांगत नव्हता, मी भांडून काढून घेतलं.” तिला वाटलं, टोचते, तक्रार आहे. “टोचत नाही हो. पण ती आता सारखी हसते. नव्वदीची बाई, शेजारीपाजारी हसत फिरते. म्हणते, हे माझेच दात आहेत, परत आले. असं तुम्ही केलंत तरी काय?” आणि तिनं त्याला दाखवलं होतं. तास दोन तास. वाकडा दात, झिजवलेली कड. तो स्टुलावर बसून बघत होता, प्रश्न विचारत होता, आणि जाताना पेटी विसरल्यासारखी तिथंच ठेवून गेला होता. पुढल्या आठवड्यात रिकामी पेटी न्यायला म्हणून मिहरान परत आला.

त्याला दुकान बंद हवं असेल? की त्यालाही वाटत असेल की मलाच हवं आहे – आराम, अंगण, कॉफी – आणि म्हणून तो बिचारा घराला रंग काढत बसला असेल? हा विचार आजवर शिवला नव्हता. आता शिवला तर नुसता शिवून थांबेना.

वीज गेली.

“आली का वेळ तिची!” तोरोस म्हणाला. गल्लीत एकेक जनरेटर खोकायला लागले. “आमचा आज रुसलाय. चला, दारात चला, खरा उजेड तिथंच आहे.” त्यानं मखमलीचा ट्रे दोन्ही हातांत उचलून घेतला, हिरा, पाचू, दोन नीलम असा सगळा संसार, आणि पोट सावरत तो उंबऱ्यापाशी गेला. बाहेर सुजुक, मसालेदार सॉसेज, विकणाऱ्यानं मान लांब करून ट्रेत डोकावलं. “लग्न कुणाचं?” “हिचं.” “देवा! शोभतंय हो, बाईसाहेब. मी असतो तर लाल घेतला असता.”

झारुही खाली बघत होती. पाचू आतल्यासारखाच दिसत होता, सुंदर, पहिल्या क्षणी होता तेवढाच. पण त्याच्या शेजारी… हे तेच खडे होते? दिवसाच्या उजेडात मठ्ठ करडेपणा कुठं गेला होता कोण जाणे, तिथं आता खोल हिरवं होतं आणि हिरव्याखाली निळं हलत होतं, आणि ट्रे तोरोसच्या श्वासाबरोबर वर-खाली झाला की मधूनच पिवळ्याची एक ठिणगी इकडून तिकडे जायची. ते दोघे एकसारखेही नव्हते. डावा जरा निळ्याकडे झुकलेला, उजवा जरा पिवळ्याकडे. तिच्या हातून निघालेल्या दातांसारखे – जोडीतले, पण आपापले.

तिनं एक उचलून बोटांच्या पेरावर ठेवला. बोटं तिची स्वतःची, सालपटलेली, नखांच्या कडांना प्लास्टरची पांढरी रेघ, कितीही धुतली तरी न जाणारी. हे हात अंगणात बसून काय करतील? आईला तिनं जपलं होतं, रात्रंदिवस, काचेसारखं; कुशीवर वळवताना, पाणी पाजताना, आपला हात लागून काही मोडू नये म्हणून स्वतःचा श्वाससुद्धा जपून घेत. आता आणखी एक नाजूक वस्तू, रोज बोटात, रोज काळजी? जपायचं म्हणजे काय ते मला पुरेपूर माहीत आहे. मला जरा न जपता जगायचंय. हात आपटत, कालवत, घासत. आईनं ‘टिकाऊ’ म्हटलं ते काळजी न करण्यासाठी म्हटलं. आपण म्हणू ते वेगळ्या कारणासाठी म्हणू, शब्द काय तिच्या एकटीचा आहे?

“रोज,” ती म्हणाली.

“काय रोज?”

“तू विचारलंस ना, रोज की सणासुदीला. रोज. प्लास्टरमध्ये, मेणात, यंत्रावर.”

“यंत्रावर नको, झारो जान. यंत्रावर हिराही नको.”

“बरं, यंत्रावर काढीन. हे दोन बसव. आणि कोंदण खाली घे, कडा वर नकोत, कशात अडकायला नको.”

हर्मिनेनं पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “म्हणजे दुकान…”

“चालू राहणार.”

“आणि आंजार?”

“आंजार कुठं पळून जातंय? रस्ता आहे, गाड्या आहेत. दोन दिवस तिकडे, चार दिवस इकडे. नाहीतर तिकडेच एक खोली बघू. तिकडच्या लोकांना दात नाहीत की काय?” हे सगळं तिच्या तोंडून भराभर येत होतं आणि तीही ते पहिल्यांदाच ऐकत होती.

“मिहरानना सांगितलंस?”

“नाही.”

“अगंबाई! आणि ते नाही म्हणाले तर?”

तोरोस एकदम हातातला ट्रे सावरण्यात गुंतला. गल्लीतला कुणाचा तरी जनरेटर बंद पडून पुन्हा सुरू झाला. झारुही पाचूकडे बघत राहिली, शेवटचं, मनापासून. त्याचा लोभ सुटला नव्हता, सुटणारही नव्हता, आणि तो असू दे असं तिला वाटलं.

“मग भांडेन,” ती म्हणाली. “कधी भांडले नाहीये गं कुणाशी. जमेल असं वाटतं.”

हर्मिनेनं अचानक मोठ्या बहिणीच्या गालाचा चिमटा काढला, जोरात, लहानपणी काढायची तसा. “होकिस, माझ्या जिवा,” ती म्हणाली, “पानांचाच रंग आहे तो, मी सांगून ठेवते,” आणि डोळे पुसले.

पुलाखाली मिहरान गाडी घेऊन येणार होता. हर्मिने कोपऱ्यावर लहमाजून, खिम्याची रोटी, घ्यायला थांबली आणि झारुही एकटी पुढे निघाली. गर्दी होती, डोक्यावर वायरींची जाळी, बाल्कन्यांतून चादरी वाळत पडलेल्या. लांबूनच तो दिसला: गाडीच्या दाराला टेकून, बाहेरच्या आरशात बघून, वाऱ्यानं विस्कटलेले केस ओल्या बोटांनी बसवत होता. बसत नव्हते. त्यानं आजूबाजूला बघून पुन्हा एकदा प्रयत्न केला.

ती थांबली. एरवी असं काही बोलायचं असलं की ती आधी वाक्य घडवायची, कडा घासायची, कुणाला टोचणार नाही ना ते जिभेनं चाचपून बघायची, आणि तोवर बोलायची वेळ निघून जायची. आताही ‘दुकान चालू राहणार’ हे वाक्य जिभेवर होतं, ओबडधोबड, कसंतरी साच्यातून काढलेलं. तिनं त्याला हात लावला नाही. छातीत धडधडत होतं, पण ही धडधड भीतीची असती तर पाय मागे आले असते, आणि पाय तर… ती पुन्हा चालू लागली होती, गर्दीतून, लोकांना कोपरं लागत होती तरी न सांभाळता, आणि त्याला हाक मारावी की त्यानंच बघेपर्यंत त्याचं ते केस बसवणं आणखी जरा बघत राहावं, हे काही केल्या तिचं ठरत नव्हतं.