गाडी सुटली की उद्या

सुनंदाने त्या प्रोग्रामचं नाव 'आळशी' ठेवलं, तेव्हा धनसिंगभाऊंनी कपाळाला हात लावला. जळगावात त्यांचं छोटंसं कॉम्प्युटर सेंटर होतं, दोन मशीन आणि चार माणसं. त्या चारांत एकटी बाई सुनंदा, आणि कामात सगळ्यांना भारी. भाऊ म्हणाले, "बाई, गिऱ्हाइकाला काय सांगू? आमच्या आळशीने काम केलं म्हणून सांगू?"

"तसंच सांगा," सुनंदा म्हणाली. "लागेल तेवढंच करतो, उगाच राबत नाही."

आता हे आळशी प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. एदलाबाद तालुक्यातल्या पिंपळखुट्याला केळी फ्रूटसेल सोसायटी होती. उद्या कोणाची बाग कापायची, किती घड वॅगनमध्ये चढवायचे, याची यादी रोज दुपारी चारला सोसायटीच्या फळ्यावर लागायची. पहाटे पाचला कापणारी टोळी ती यादी घेऊन निघायची. यादीत नाव नाही तर कापणी नाही, असा साधा मामला. तीस वर्षं ही यादी निंबानाना हाताने लिहीत आले होते. एक्क्याण्णव साली चेअरमन अभिमन पाटलांच्या मनाने घेतलं की यादी कॉम्प्युटरवर काढायची, आणि ते काम धनसिंगभाऊंकडे आलं, म्हणजे सुनंदाकडे आलं.

प्रोग्रामच्या एक्केचाळीस फाईली होत्या. कमिटी दर पंधरा दिवसांनी नियम बदलायची. कधी वॅगनी कमी आल्या म्हणून, कधी कोणाचा मेव्हणा रुसला म्हणून. नियम बदलला की सुनंदा फाईल दुरुस्त करायची आणि मग सगळ्या एक्केचाळीस फाईली पहिल्यापासून कंपाइल करायच्या, म्हणजे मशीनला कळेल अशा भाषेत उतरवून घ्यायच्या. त्या मशीनवर याला पन्नास मिनिटं लागत. आणि पिंपळखुट्याची लाईट सलग पन्नास मिनिटं टिकली तर गावात पेढे वाटावेत अशी परिस्थिती. तिसाव्या फाईलला लाईट गेली की पुन्हा एकपासून सुरू. एकदा तिने दिवसभरात पाच वेळा सुरुवात केली आणि तिची शेवटची एस. टी. चुकली. नानांच्या बायकोने, भिकुबाईने, तिला जेवायला घातलं, झोपायला गोधडी दिली आणि वर विचारलं, "हे मशीन तुला सासरहून मिळालं का गं?"

त्या रात्रीच सुनंदाने ठरवलं की हे असं चालायचं नाही. आठवडाभर खपून तिने आळशी लिहिला. प्रत्येक फाईलवर ती शेवटची कधी बदलली त्याची तारीख-वेळ असते. उतरवलेल्या फाईलवरही असते. मूळ फाईल नंतरची असेल तर ती पुन्हा उतरवायची, नाहीतर हात लावायचा नाही. पन्नास मिनिटांचं काम चारवर आलं. मध्ये लाईट गेली तरी झालेलं वाया जाईना, राहिलेलं तेवढं करायचं. सुनंदा दुपारच्या एस. टी.ने एकच्या पुढे यायची आणि चहा निवायच्या आत काम संपवायची. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

जूनच्या पहिल्या आठवड्यात सोमवारी ती अशीच दुपारी आली, कोणाची बाग आधी आणि कोणाची नंतर ते ठरवणाऱ्या पाळीच्या फाईलमध्ये किरकोळ दुरुस्ती केली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. त्याच रात्री आठ वाजता वादळ आलं. अर्धा तास वारा सुटला आणि गावच्या उत्तरेच्या बागा झोपल्या. केळीचं खोड म्हणजे काय, पाणीच सगळं. घडाच्या ओझ्याने आधीच वाकलेलं, वाऱ्याने आडवं व्हायला कितीसा वेळ.

मंगळवारी चेअरमनचा निरोप आला आणि सुनंदा पहिल्या गाडीने निघाली. कमिटीने एका ओळीचा ठराव केला होता: पडलेल्या बागा आधी कापायच्या. पडलेला घड उन्हात दोन दिवस कसाबसा निभतो, तिसऱ्या दिवशी दिल्लीला पाठवण्यासारखा राहत नाही. एरवी मशीन सुरू करून यादी छापणारे नाना बागा बघायला गेले होते, म्हणून मशीन सुनंदानेच सुरू केलं. सुरू केलं की मशीन आधी तारीख-वेळ विचारायचं, कारण त्याला स्वतःचं घड्याळ नव्हतं. तिने त्या दिवसाची तारीख आणि वेळ टाकली आणि पाळीच्या फाईलमध्ये नवा नियम लिहिला.

दारात ताईबाई उभी होती. पन्नाशीची, उंच, पदर कमरेला खोचलेला. तिची साडेतीनशे झाडं पडली होती, म्हणजे होती तेवढी सगळीच. तिने मशीनकडे बघितलं आणि सुनंदाला विचारलं, "माय, हे माझं नाव वर घेईल ना?"

"आजच्या यादीत तुमचं नाव पहिलं असेल," सुनंदा म्हणाली. "माझा शब्द."

ताईबाईने मान हलवली आणि गेली. सुनंदाने आळशी चालवला. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत, अर्ध्या मिनिटात आळशी मोकळा झाला. तिला वाटलं, वा, आज भलताच चपळ झाला. का झाला, हे बघायला ती थांबली नाही. साडेअकराची एस. टी. होती आणि जळगावात दुसरं काम पडलं होतं. एवढ्या हुशार बाईने एवढं साधं बघू नये, पण कौतुकाच्या भरात माणसाचं असंच होतं.

बुधवारी सकाळी साडेआठला सेंटरमध्ये फोन वाजला. अभिमन पाटील होते. आवाज चढवला नव्हता, तेच जास्त लागलं. "बाई, पडलेली एकही बाग यादीत नाही. टोळ्या उभ्या बागा कापायला गेल्या. नाना म्हणत होते काल, यादी जुनीच वाटते. मीच म्हटलं, मशीन चुकत नसतं. आज चारला यादी बरोबर लागली नाही तर उद्यापासून नाना हाताने लिहितील. मशीन तुम्ही घेऊन जा."

एस. टी.त खिडकीशी बसलेल्या सुनंदाला मशीनची काळजी नव्हती. मशीन गेलं तर गेलं. ताईबाईची मान हललेली तिला पुन्हापुन्हा दिसत होती. दोन दिवस संपत आले होते. आजची यादी चुकली तर ती सगळी केळी तिथेच बागेत कुजणार, आणि तीही सुनंदाच्या शब्दावर.

पोचल्यावर तिने पाळीची फाईल उघडली. नवा नियम होता, अक्षर न् अक्षर बरोबर. आळशी चालवला, तर तो म्हणाला, नवीन काही नाही. तिने दोन्ही फाईलींच्या तारखा काढल्या. मूळ फाईल मंगळवार सकाळी नऊ वीस. उतरवलेली फाईल मंगळवार दुपारी तीन दहा. म्हणजे उतरवलेली नंतरची, आळशीच्या हिशेबाने सगळं ठीक.

पण मंगळवारी तीन दहाला सुनंदा जळगावात होती.

"नाना, काल दुपारी इथे कोणी काही केलं का?"

निंबानाना पडलेल्या बागांची वही लिहीत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "कोण करणार? मी यादी काढली, एवढंच. तुमचं ते आळशी मी कधी हातात धरत नाही."

नाना खोटं बोलणारे नव्हते. सुनंदा तासभर डोकं धरून बसली. पाऊण वाजता स्टेशनातून शिट्टी ऐकू आली, केळीची गाडी निघाली. नाना वही मिटून उठले, सुनंदाजवळ आले आणि म्हणाले, "जरा सरकता का, बाई?" मग एका बोटाने, सवयीने, मशीनमध्ये तारीख टाकली. गुरुवारची.

सुनंदाने पडद्यावर बोट ठेवलं. "नाना, आज बुधवार आहे."

"गाडी सुटली की उद्या," नाना म्हणाले. "सोसायटीत तसंच चालतं. गाडी गेली की आजचं काम संपलं, मग जे लिहायचं ते उद्याच्या तारखेचं. यादीवर मशीनचीच तारीख छापून येते ना? मग उद्याची यादी आजच्या तारखेने कशी काढू?"

त्याच क्षणी तिला सगळा उलगडा झाला. सोमवारी दुपारी तिने फाईल उतरवली, तेव्हा मशीनमध्ये नानांचा मंगळवार लागलेला होता. मंगळवारी सकाळी तिने खरी तारीख टाकून नियम लिहिला. आळशीने पाहिलं, उतरवलेली फाईल दुपारची, मूळ सकाळची, म्हणजे बदल काहीच नाही. इतके दिवस ती नेहमी दुपारी यायची, नानांच्या तारखेतच सगळं करायची, म्हणून कधी चुकलं नाही.

आणि पाळीची फाईल सापडली, पण उरलेल्या चाळीसांतली आणखी कुठली अशीच शिळी राहिली असेल, हे सांगणार कोण? तिने उतरवलेल्या सगळ्या एक्केचाळीस फाईली पुसल्या आणि पहिल्यापासून लावलं. पन्नास मिनिटं. नाना शेजारी बसले. अडतिसाव्या फाईलला लाईट गेली. नानांनी तंबाखू मळली आणि खायची विसरले. तीनला पाच कमी असताना लाईट आली, नानांनी उद्याची तारीख टाकली, आणि आळशीने उरलेल्या चारच केल्या. लाईटीच्या बाबतीत तरी बिचारा शब्दाला जागला.

यादी छापून झाली, तरी सुनंदाने ती फळ्यावर जाऊ दिली नाही. नानांच्या वहीतलं एकेक नाव ते वाचत गेले आणि ती यादीत बघत गेली. पहिलं नाव ताईबाईचं होतं. चारला यादी लागली.

अभिमन पाटलांनी सगळं ऐकून घेतलं आणि सहज म्हणाले, "मग सोपं आहे. नाना, इथून पुढे मशीनमध्ये खरी तारीख टाकत जा."

नानांनी चष्मा काढला आणि पुसू लागले. तीस वर्षं ज्या तारखेवर टोळ्या निघाल्या, वॅगनी भरल्या, ती आज खोटी ठरत होती.

"नानांची तारीख बरोबरच आहे," सुनंदा म्हणाली. "इथलं काम कसं चालतं ते मी विचारलं नाही. चूक माझी आहे, आणि मीच दुरुस्त करते."

"ती कशी?"

सुनंदाने नानांकडे वळून विचारलं, "नाना, बाग कापायला आली की नाही, ते तुम्ही लागवडीच्या तारखेवरून ठरवता का?"

"छे," नाना म्हणाले. "फॉर्मवर शेतकरी सांगेल ती तारीख लिहितात. मी बागेत जातो, घड बघतो, मोजतो."

"तेच करायला हवं," सुनंदा म्हणाली.

मग ती ताईबाईच्या बागेकडे चालत गेली. सांगायचं ते तोंडावर सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. ताईबाईने पडलेल्या घडांवर केळीची पानं पसरली होती, त्यावर पाणी शिंपडत होती. सकाळपासून एकटीने हे चाललं होतं. शेजारची उभी बाग टोळीने तिच्या डोळ्यांदेखत कापून नेली होती.

"ताईबाई, काल यादी चुकली ती माझ्यामुळे," सुनंदा म्हणाली. "आज तुमचं नाव पहिलं आहे. मी स्वतः वाचून आले."

ताईबाईने हातातली कळशी खाली ठेवली. "माझ्यामुळे म्हणतेस?" ती म्हणाली. "मले लिहिता-वाचता येत नाही, माय. काल फळ्यावरची यादी मी तीन जणांकडून वाचून घेतली. तिघंबी म्हणे, तुझं नाव नाही. मी त्याहिलेच बोलली, तुमाले धड वाचता येत नाही. तू तं सांगेल होतं ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. सुनंदाला वाटलं, असता तर बरं झालं असतं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. ताईबाईने कळशी उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "रडू नको, पाणी मार. त्या कडंचे घड राहिले." दिवस मावळेपर्यंत दोघी पाणी मारत होत्या.

गुरुवारी पहाटे टोळी आली. साडेतीनशेपैकी दोनशे दहा घड वॅगनमध्ये चढले. उरलेले गेले नाहीत, ते गुरांपुढे टाकावे लागले.

पुढच्या आठवड्यात सुनंदाने आळशी नव्याने लिहिला. आता तो तारखेकडे ढुंकूनही बघत नव्हता. प्रत्येक फाईल उघडून तिच्यातल्या प्रत्येक अक्षराचा आकडा आणि त्याची जागा धरून बेरीज करायचा, मागच्या वेळची बेरीज ताडून बघायचा, आणि बेरीज बदलली असेल तरच ती फाईल उतरवायचा. शेवटी काय केलं आणि काय सोडलं, ते नावानिशी पडद्यावर दाखवायचा. नाना आपली उद्याची तारीख टाकत राहिले.

धनसिंगभाऊंनी जळगावच्या मशीनवर घड्याळ लावून बघितलं. "बाई, आधी चार मिनिटं लागायची, आता सात लागतात. वेग वाढवायचा सोडून तुम्ही कमी केलात?"

"ती तीन मिनिटं फाईली वाचायला लागतात, भाऊ."

"पण बहुतेक वेळा फाईल बदललेली नसतेच. मग कशाला वाचायची?"

"ताईबाईने माझ्या शब्दाखातर यादी तीनदा वाचून घेतली," सुनंदा म्हणाली. "आपल्या मशीनने फाईल एकदा तरी वाचावी."

भाऊंनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि त्या तीन मिनिटांचं पुन्हा कधी नाव काढलं नाही.