साडेपाचची खिट्टी

मित्रांनो, माझ्या तबकडीवर चोवीस तासांचे आकडे आहेत. डोळा मात्र एकही नाही. मी एक जुना टायमर आहे. माझ्या कडेने पितळी खिट्ट्या बसवतात. तबकडी फिरत फिरत खिट्टीपाशी आली की मी खट् करून वीज सोडतो आणि पुढच्या खिट्टीला ती तोडतो. तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे मला कळत नाही. माझी गोष्ट ऐकताना एवढे ध्यानात ठेवा.

इंदूरच्या एका कापड मिलमध्ये मी आवारातले दिवे लावत असे. तिथे बाळकृष्ण वायरमन होते. मिलची एक रीत होती. ज्याला यंत्रात हात घालायचा असेल, त्याने आपली लाल चिंधी पॅनलवर बांधायची. चिंधी दिसली की पॅनलवरचे शरदराव फ्यूज काढून खिशात टाकत. बांधणाऱ्याने स्वतः येऊन ती सोडली, तरच फ्यूज परत लागे. बावीस वर्षे बाळकृष्ण चिंधी बांधत आले आणि शरदराव फ्यूज काढत आले.

१९९२ साली मिलच्या फाटकाला कुलूप लागले. यंत्रे भंगारात गेली. मला बाळकृष्णांनी परदेशीपुऱ्यातल्या आपल्या घरी आणले. एका फळीवर मला मधोमध बसवून त्यांनी तीन प्लग जोडले, प्रत्येकाच्या खिट्ट्या वेगळ्या. सकाळी सहाला रेडिओ, संध्याकाळी सातला ओट्यावरचा दिवा आणि त्याआधी साडेपाचला हौदातली पाण्याची मोटार. कोणी उठायचे नाही, बटण दाबायचे नाही.

शेजारचे श्रीपाद बघायला आले. "क्या भिया! मिल बंद झाली, पण भोंगा तुम्ही घरी घेऊन आलात! वहिनी, ह्यांनाच एक प्लग लावून टाका, वेळेवर जेवायला तरी येतील."

"ह्यांची खिट्टी मिलमध्येच अडकलीय, भाऊजी," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

बाळकृष्ण हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले. बाजारात रोज नवे सामान येत होते, लोकांना असल्या सोयी हव्या होत्या. सराफ्यातल्या दोन दुकानदारांनी तसेच बोर्ड करून मागितले. मित्रांनो, ते माझ्या कौतुकाचे दिवस होते. मी मात्र कौतुकाच्या वेळीही फक्त फिरत होतो.

मार्चमधली गोष्ट. मोटार अडकून अडकून चालत होती. पाच वाजायच्या सुमारास बाळकृष्णांनी पाने-पकड काढली आणि सवयीने माझ्यावर लाल चिंधी बांधली. मग अकरा वर्षांच्या लेकीला हाक मारली.

"शमिका बेटा, इथे उभी राहा. मी ही सोडेपर्यंत बोर्डाला कोणाचा हात लागता कामा नये. आईचा पण नाही."

"श्रीपादकाका आले तर?"

"त्यांचा तर बिलकुल नाही!"

मोटारीच्या तारेला त्यांनी टेस्टर लावला. दिवा लागला नाही. लागणार कसा? माझी वेळ झाली नव्हती. ते हौदात उतरले. तळाशी घोटाभर पाणी होते. दहा मिनिटांचे काम होते, पण बोल्ट गंजलेला निघाला. ते तेल सोडत राहिले, पान्याने रेटत राहिले. मी फिरत राहिलो.

प्रमोदिनीबाई इस्तरी घेऊन आल्या. "सरक ग जरा."

"नाही. बाबांची चिंधी आहे." शमिकाने दोन्ही हात पसरले.

"बरं बाई, मोठी पॅनलवाली!" त्या हसत परत गेल्या.

चिंधी बांधलेली होती. मुलगी जागची हलली नव्हती. फ्यूज खिशात टाकणारा माणूस तेवढा नव्हता. आणि चिंधी मला वाचता येत नाही.

साडेपाचला मी खट् केले.

बाळकृष्ण गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शरदराव आले. शमिकाने त्यांना एकच गोष्ट विचारली. "काका, मी हललेच नाही. मग कोणी हात लावला?"

त्यांनी माझ्या साडेपाचच्या खिट्टीवर बोट ठेवले. "कोणीच नाही, बेटा. तुझी ड्यूटी तू चोख केलीस. मी तिथे नव्हतो."

ते बोर्ड दुकानांत कधी पोहोचले नाहीत. मला कोणी फेकलेही नाही. आज मी शमिकाच्या कपाटात एका डब्यात पडून असतो. तिच्या घरी आता फोनवरून चालणारे प्लग आहेत आणि त्यांना हुकूम सोडणारी तळहाताएवढी डबी आहे. ते माझेच नातलग आहेत, माझ्याहून फार हुशार. पण हौदात कोण उतरले आहे, हे त्यांनाही दिसत नाही. फोनवर 'बंद' दिसते, तेव्हा ते फक्त आपल्या वेळेची वाट बघत असतात.

म्हणून मित्रांनो, एवढे ऐका. पंखा पुसायचा असो की मोटार उघडायची असो, आमच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवू नका. आधी प्लग ओढून काढा. तो आपल्या हातात घ्या, आणि मगच खाली वाका.